खाऱ्यावरची साय

14 एप्रिल 2024, रविवार

जव मळून झाले, दीड क्विंटल भरले. मोहरी मार्चमध्येच घाण्यावर गेली होती. तिचं तेल वर्षभर पुरेल. अंगावरचं भुसकट झटकत होते तेवढ्यात पुण्याहून दादाचा फोन आला. सुगी संपली की त्याचा फोन येतोच.

"भाव चढलाय तोवर देऊन टाक. चार कनालांत तू काय करणार आहेस?"

एक कनाल म्हणजे आपले पाच गुंठे. आठ कनालांचा एकर. एकराला इथे 'किला' म्हणतात आणि पंचवीस किल्यांचा एक मुरब्बा होतो. आपल्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो, तसे इथल्या फर्दीवर मुरब्ब्याचे आणि किल्याचे आकडे. बाबांना तो शब्द फार आवडायचा. पुरंदरच्या पायथ्याच्या माणसाला अर्धा का होईना, किल्ला मिळाला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सासवडजवळची आजोबांची जमीन कुळकायद्यात गेली. पुढे बाबा दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीला लागले आणि कागदोपत्री 'शेतकरी' उरलेच नाहीत. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. हरियाणात तशी अट नव्हती. 1987 साली निवृत्तीच्या पैशातून त्यांनी फर्रुखनगरच्या पुढे हा तुकडा घेतला. घेतला तेव्हा त्यावर जांटीचं एक झाड, एक विहिरीचा खड्डा आणि बाकी विलायती कीकराचं रान होतं.

श्रीपाद दाभोलकरांनी दहा गुंठ्यांत पाच जणांच्या कुटुंबाचा हिशेब मांडला आणि त्यांच्या प्रयोग परिवारातल्या शेतकऱ्यांनी तो रानात उतरवून पाहिला. माझ्याकडे त्याच्या दुप्पट जागा आहे. म्हणून दादाचं 'एवढंसं' मला पटत नाही. माझी अडचण जागेची नाही, तिच्याखालच्या पाण्याची आहे. आज विहिरीचं पाणी खारेपणा मोजणाऱ्या ईसी मीटरने मोजलं: 3.6. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या वर्गवारीत 2 पर्यंतचं पाणी चांगलं, 2 ते 4 बेताचं आणि त्यापुढचं खारं. गेल्या एप्रिलमध्ये 3.3 होतं. तारखेसह वहीत उतरवलं आणि दादाला सांगितलं, विकणार नाही.

21 एप्रिल 2024

शेजारचे ताऊ सकाळीच बांधावर येऊन बसले. ताऊ म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. बाबांना ते भाई म्हणत, म्हणून मी त्यांना ताऊ म्हणते. त्यांच्या बायकोला इथल्या रीतीने 'ताई' म्हणायचं. पंचाहत्तरीच्या बाईला ताई म्हणताना सुरुवातीला जीभ अडखळायची. आता तोच शब्द जवळचा वाटतो. हरियाणवीतलं 'पाणी' तर आपलंच, पक्क्या 'ण'चं. दिल्लीत पंचावन्न वर्षं 'पानी' ऐकलेल्या कानांना इथे आलं की बरं वाटतं.

मीटरचा आकडा दाखवला. त्यांना मीटर लागत नाही. त्यांनी ओंजळीतून चूळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाले, "मीठा पाणी तो मलाई सै, बेट्टी. हौळे-हौळे तार ले."

साय सावकाश काढून घे. शिकोहपूरच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांनी मला जे आकृती काढून समजावलं, ते या एका वाक्यात आलं. आमच्या भागात जमिनीखालचं मूळ पाणी खारं आहे. पावसाचं गोड पाणी मुरतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्यावर थर धरून राहतं. खोल बोअर घेऊन जोराने उपसलं की खालचं खारं पाणी शंकूसारखं वर ओढलं जातं. ते एकदा वर चढलं की पंप बंद केल्यावरही लगेच खाली जात नाही, त्याला वर्षं लागतात. म्हणून विहीर उथळ हवी, मोटार लहान हवी, आणि तासभर उपसा केला की तिला विसावा द्यायचा. माझी विहीर चाळीस फूट आणि मोटार एक अश्वशक्तीची. पाणी पहाटे काढते. दुपारी काढलं तर बरंच वाफेला जातं.

या खारेपणावर एके काळी गाव जगलं. फर्रुखनगर आणि सुलतानपूरच्या विहिरींतलं खारं पाणी उथळ वाफ्यांत आटवून मीठ करत. त्याला सुलतानपुरी मीठ म्हणत. 1873 मध्ये दिल्ली-रेवाडी मीटरगेज रेल्वे झाली. तिला गढी हरसरूपासून फर्रुखनगरपर्यंत जो फाटा काढला, तो या मिठासाठीच. सांभरच्या मिठापुढे आणि सरकारी करापुढे धंदा टिकला नाही. फाटा अजून आहे. गाडीतून उतरलं की मला दर वेळी वाटतं, याच फलाटावरून मिठाच्या गोणी जात, आणि त्याच मिठाशी आम्ही आता रोज झटतो आहोत.

29 मे 2024

ऊन अंगावर कोसळतंय. दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या हवामान केंद्राने आज 52.9 अंश दाखवले. संध्याकाळी हवामान खात्याचं म्हणणं आलं की यंत्र तपासावं लागेल. यंत्र चुकलं असेल किंवा नसेल, भेंडी मात्र गेली. करवंदाच्या कुंपणाला काही झालं नाही. सासवडच्या डोंगरातली करवंदं आठवून बाबांनी ती ओळ लावली होती. इथल्या रोपवाटिकेत ती 'करौंदा' म्हणून मिळाली. तीस वर्षांत तिने दोन नीलगायींनाच काय ते आत येऊ दिलं. तारेचं कुंपण घातलं असतं तर तीनदा बदलावं लागलं असतं.

रान उघडं ठेवायचं नाही, एवढंच या महिन्यात करता येतं. जवाचं काड, मोहरीच्या काड्या, कीकराचा पाला, सगळं वाफ्यांवर अंथरलंय. उघड्या मातीतून पाणी उडतं आणि क्षार वरच राहतो. सकाळी बांधाच्या उत्तरेला पांढरी बुरशी यावी तसा तो दिसतो.

16 जून 2024

आज मी रस्ता नीट पाहिला. गेली दोन वर्षं त्याच्यावरूनच ये-जा करत होते, पण पाहिला आज.

गावाच्या पूर्वेला जोहड आहे. आपण तळं म्हणतो तसं. तीन बाजूंनी मातीची पाळ, चौथ्या बाजूला उतार. त्या उतारावरून, लांबवरच्या शेतांतून आणि पडीक रानातून पाणी वाहत येऊन जोहडात पडायचं. अनुपम मिश्रांच्या 'आज भी खरे हैं तालाब' या पुस्तकात (1993, गांधी शांती प्रतिष्ठान) या उताराला 'आगोर' असा शब्द दिला आहे. आगोर जपला नाही तर तळं उरत नाही. जुन्या गावांनी पिण्याच्या विहिरी जोहडाच्या काठाशीच खणल्या, त्यामागे कारण आहे. जोहडातून मुरणारं गोड पाणी त्या विहिरींखाली साय धरून राहायचं. माझी विहीर जोहडापासून तीनशे पावलांवर. बाबांनी हा तुकडा का निवडला, ते मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी समजलं.

दोन वर्षांपूर्वी एका जमीनदलालाने पलीकडच्या किल्यात भूखंड पाडायला घेतले आणि त्यासाठी आगोराच्या मधोमध चार फूट उंच भराव घालून कच्चा रस्ता केला. एका बाजूला प्लॉटचे पांढरे दगड, दुसऱ्या बाजूला सुकलेला जोहड. पाणी यायला वाटच ठेवलेली नाही. जोहडात आता येतं ते फक्त गावच्या नाल्याचं काळं पाणी.

3.3 चं 3.6 का झालं, याचं उत्तर मी माझ्या बांधाच्या आत शोधत होते. खत बदललं, पीक बदललं, मोटार लहान केली. उत्तर बांधाबाहेर अर्ध्या मैलावर पडलं होतं.

28 जून 2024, शुक्रवार

रात्री तीनपासून पाऊस. असला पाऊस दिल्लीने कधी पाहिला होता, ते आठवायला जुन्या नोंदी काढाव्या लागल्या. सफदरजंगला चोवीस तासांत 228 मिलिमीटर. जून महिन्यात याहून जास्त थेट 1936 मध्ये. दिल्लीचे भुयारी रस्ते बुडाले. आमच्या भागात वर्षभरात पडतो सुमारे 600 मिलिमीटर. त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त दिल्लीत एका रात्रीत. शहरातल्या घरी बसवेना, पण गुरुग्रामच्या बाहेर पडायला रस्ता नव्हता.

30 जून 2024

आज पोचले. रस्त्याच्या वरच्या अंगाला पाणी गुडघाभर तुंबलं होतं. ताऊंच्या धाकट्या भावाचं दोन कनाल ग्वारचं रान पाण्याखाली. रस्त्याच्या खालच्या अंगाला जोहड. त्याच्या तळाशी भेगा बुजण्यापुरता चिखल.

मी भरावावर उभी राहिले आणि रडू आलं. इतकं पाणी दाराशी आलं होतं, आणि त्याला घरात यायला दारच नव्हतं.

ओल होती म्हणून एका कनालात ढैंचा टाकला, हिरवळीच्या खतासाठी. एकरी बारा किलोचा हिशेब, म्हणजे दीड किलो बी. दुसरीकडे बाजरी, एचएचबी 67 सुधारित. हिसारचं विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांचं हे वाण 2005 साली आलं. साठ-पासष्ट दिवसांत कणीस हाताला येतं, त्यामुळे लहरी पावसात ते सापडत नाही. हातांना काम होतं, म्हणून दिवस निभावला.

15 ऑगस्ट 2024

झेंडावंदनाला गावच्या शाळेत गेले. त्यानंतर सरपंचांनी चौपालीवर, म्हणजे गावच्या चावडीवर बोलावलं होतं. गेले सहा आठवडे मी आणि ताऊ त्यासाठीच खटपट करत होतो. आज ते घडलं, म्हणून सविस्तर लिहिते.

चौपालीवर बाया मागे बसतात. ताईंनी मला हाताला धरून पुढे बसवलं. मी तीन गोष्टी मांडल्या. पहिली, कायद्याची. जोहड ही शामलात देह, म्हणजे गावाच्या मालकीची सामाईक जमीन. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्यावरची अतिक्रमणं हटवायला सांगितली आणि असा सामाईक जागांवरचा कब्जा कायदेशीर करून देऊ नये, असं सगळ्या राज्यांना बजावलं. हरियाणात 2018 पासून तलावांसाठी वेगळं प्राधिकरण आहे. म्हणजे जोहडाचं पाणी अडवलं गेलं, हे बोलायला आपल्याला कोणाची भीती नको.

दुसरी गोष्ट शेजारच्या नूंहची. तिथेही खाली खारं पाणी आहे. गुरुग्रामच्या सहगल फाउंडेशनने तिथे पावसाचं पाणी नळाने खाऱ्या थरात दाबाने सोडून गोड पाण्याचा कप्पा तयार करण्याचे प्रयोग केले आहेत. तिथे खर्च करून जे करावं लागतं, ते आपल्याकडे जोहड फुकट करत होता.

तिसरी गोष्ट मात्र आमच्या पुरंदरची, आणि ती सांगताना माझा आवाज बदलला असणार. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नायगावला आले. देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन घेऊन त्यांनी पाणलोटाचं काम उभं केलं आणि त्यातून पाणी पंचायत निघाली. तिचा नियम साधा. पाणी जमिनीला नाही, माणसाला मिळतं. माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला फार तर अडीच एकरापुरतं. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाणी विकलं जात नाही. मी लहान असताना सुट्टीत आजोळी गेले, की मोठी माणसं या नियमांवर रात्र रात्र वाद घालत. ऊस का नाही, हा सगळ्यांचा प्रश्न असे.

चौपालीवर मात्र पाणी जमिनीला नाही, या नियमावर आवाज उठला, "जमीन माझी तर पाणी दुसऱ्याचं कसं?" एका तरुण मुलाने विचारलं. त्याचा बोअर दोनशे फुटांचा आहे. मी उत्तर शोधत होते, तोवर ताऊच बोलले. त्यांनी त्याला एवढंच विचारलं की, तुझ्या आजोबांच्या विहिरीचं पाणी कसं होतं आणि तुझ्या बोअरचं कसं आहे. मुलगा गप्प झाला. त्याच्या घरी आता पिण्याचं पाणी टँकरने येतं.

ठरलं ते असं: रस्ता तोडायचा नाही, कारण त्यावरून आता शाळेची मुलं जातात. त्याच्याखालून सिमेंटच्या रुंद नळांच्या दोन मोऱ्या घालायच्या. नळ पंचायतीचे, खोदाई गावाची, आणि जेसीबीचे दोन दिवस माझ्याकडे. नाल्याचं काळं पाणी वळवून आधी एका खड्ड्यात निवळू द्यायचं.

परत येऊन ढैंचा नांगरून मातीत गाडला. सेहेचाळीस दिवसांचा, कमरेपर्यंत आलेला, अजून कोवळा. याहून जून होऊ दिला तर देठ कुजत नाहीत.

1 सप्टेंबर 2024

मोऱ्या गेल्या रविवारी बसल्या. शुक्रवारच्या पावसाने पहिलं पाणी आलं. आज जोहडात म्हशी पोहताना पाहिल्या. फक्त डोकी वर, बाकी सगळं सुख पाण्याखाली.

12 ऑक्टोबर 2024, दसरा

दिल्लीच्या मराठी घरांत आज आपट्याची पानं कुठून तरी येतात, नाहीतर कांचनाच्या पानांवर भागतं. माझ्या बांधावर खरी शमी आहे. इथे ती जांटी, राजस्थानात खेजडी, आपल्याकडे सौंदड. सकाळी तिच्या बुंध्याशी हळदकुंकू वाहिलं. ताईंना नवल वाटलं, पण त्यांनीही पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. पांडवांची शस्त्रं याच झाडावर, हे त्यांनाही ठाऊक होतं.

हे झाड या मातीचं आहे हे पाहायला शास्त्र लागत नाही. बाजरी जांटीखालीच उंच झाली होती. तिची मुळं सरळ खोल जातात, वरच्या मातीतलं पिकाचं पाणी ती ओढत नाहीत. हिवाळ्यात फांद्या छाटल्या की म्हशींना पाला मिळतो. शेंगा वाळवून त्यांची भाजी होते. विलायती कीकर याच्या अगदी उलट. इंग्रजांनी आणलेलं ते झाड दिल्लीच्या रिजवर आणि अरवलीत पसरलं आणि त्याने धौ, रोंझ, हिंगोट यांची जागा घेतली. आमच्या रानातला कीकर मी आठ वर्षं काढते आहे. नुसता बुंध्याशी तोडला तर पावसाळ्यात दहा फांद्यांनी फुटतो. जमिनीखाली वीतभर खणून मुळाचं डोकं कापावं लागतं. एका वर्षी दहा झाडं, त्यापेक्षा जास्त जमत नाहीत आणि एकदम काढावीतही असं नाही. चिमण्या-बुलबुलांची घरं सध्या तिथेच आहेत. जिथे कीकर काढला तिथे रोंझ, लसोडा आणि बोर लावलं. लसोडा म्हणजे आपलं भोकर.

ढैंच्याच्या कनालात आणि लगतच्या अर्ध्यात मोहरी पेरली, कर्नालचं सीएस 58. गहू मी लावत नाही. गव्हाला चार-पाच पाणी लागतात, मोहरीला एक किंवा दोन. साय बेताची असेल तर पीकही बेताच्या तहानेचं हवं.

18 नोव्हेंबर 2024

रानात गेले नाही. दिल्लीचा हवेचा निर्देशांक आज 490 च्या वर गेला. प्रदूषणासाठीच्या निर्बंधांचा चौथा टप्पा लागू झाला, शाळा बंद. खिडकीतून समोरची इमारत दिसत नाही. टीव्हीवर पुन्हा एकदा सगळा दोष पराळी, म्हणजे भाताचं काड जाळणाऱ्यांवर. गाड्यांच्या धुराबद्दल आणि बांधकामांच्या धुळीबद्दल कोणी बोलत नाही, आणि शेतकऱ्याला भाताच्या कापणीनंतर गव्हाच्या पेरणीला जेमतेम तीन आठवडे मिळतात, हेही कोणी बोलत नाही. आमच्याकडे भात नाही, तरी गवत आणि पालापाचोळा जाळायची सवय आहे. ताई शेणाच्या गोवऱ्या थापून बिटौडा रचतात, वर बोटांनी नक्षी काढतात. इतकं सुंदर काम चुलीत जातं. यंदा त्यांनी निम्मं शेण खताच्या खड्ड्याला दिलं. मी बदल्यात त्यांना वर्षभराचा सिलिंडर देते. हा सौदा दोघींनाही पटला आहे.

14 जानेवारी 2025, संक्रांत

पानिपतला काला आंबला गेलो होतो. दिल्लीतले मराठी लोक दरवर्षी जातात. तिथे एक शेतकरी भेटले, रोड समाजाचे. पानिपतावरून मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असं हा समाज मानतो. ते कर्नालकडचे. इतिहास थोडा बोलून झाला आणि मग तासभर आम्ही पाण्यावरच बोललो. त्यांच्याकडे पाणी गोड, पण भाताने ते दर वर्षी खाली जातंय. हरियाणाने 2009 मध्ये कायदा करून 15 जूनआधी भाताची लावणी बंद केली, तरीही. निघताना त्यांनी बासमतीची पिशवी दिली, मी आमच्या बांधावरची बोरं आणि हरभऱ्याचे घाटे दिले. सुगडात घालायला म्हणून आणले होते. त्यांना दिले, तेही संक्रांतीचंच वाण झालं.

मोहरी फुलली आहे. राजस्थानकडून मधमाश्यांच्या पेट्या घेऊन येणारे लोक पलीकडच्या शेतात उतरलेत. माझ्या दीड कनालात सकाळभर गुणगुण असते.

23 फेब्रुवारी 2025

तीन दिवसांत दोन ठिकाणं. तालकटोरा स्टेडियममध्ये अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन आणि पुसाच्या कृषी संशोधन संस्थेच्या शेतांवर कृषी विज्ञान मेळा, दोन्हींच्या तारखा जुळल्या. दिल्लीत संमेलन याआधी 1954 मध्ये झालं होतं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष. बाबा तेव्हा विद्यार्थी होते आणि दिल्ली त्यांच्या स्वप्नातही नव्हती. यंदा अध्यक्ष तारा भवाळकर. लोकसंस्कृतीवर आणि बायकांच्या ओव्यांवर आयुष्यभर काम केलेल्या बाई. त्यांना ऐकायला शुक्रवारी गेले. जात्यावर बसणाऱ्या बाईला पाऊस, पेरणी, विहीर, दीर-जाऊ हे सगळं एकाच ओवीत आणता येतं, याचा विचार परतीच्या मेट्रोत करत राहिले. शेतीवर आम्ही आता लिहितो, बोलतो, मोजतो. ती गात होती, आणि तिचं मोजमाप त्या गाण्यातच होतं. ताईंकडेही जात्यावरची गाणी आहेत. पुढच्या वेळी उतरवून घ्यायची.

आज पुसाला. ही संस्था मूळची बिहारच्या पुसाची. 1934 च्या भूकंपानंतर 1936 मध्ये दिल्लीला आली, नाव मात्र गावाचं राहिलं. मेळ्यात छोट्या शेतकऱ्यासाठी बरंच होतं: जैविक विघटक, भाजीची रोपं, ठिबकचे संच. ठिबकपाशी थांबले. खाऱ्या पाण्याला ठिबक चांगलं, मुळाशी ओल कायम राहते आणि क्षार कडेला ढकलला जातो. पण पावसाळ्यात तो कडेचा क्षार धुऊन निघाला पाहिजे, नाहीतर वाफ्यांच्या मधोमध साठतो. हे विचारलं तेव्हा तिथल्या तरुणीने प्रामाणिकपणे होकार दिला आणि दोन ओळींचा छोटा संच घ्यायला सांगितलं. तेवढाच घेतला.

30 मार्च 2025, गुढीपाडवा

गुढी रानात उभारली. कडुनिंब बांधावरचा, काठी ताऊंच्या घरची, साडी आईची. दादा-वहिनी पुण्याहून आले आहेत. दहा वर्षांनी दादा या मातीत उभा राहिला. मोहरी एक क्विंटल चाळीस किलो. त्याने पोत्यात हात घातला आणि बराच वेळ तो बाहेर काढला नाही. बाबा असंच करायचे.

विहीर मोजली: 2.9. दादाला आकडा सांगितला, त्याचा अर्थही सांगितला. गेल्या वर्षी पाऊसच उदंड झाला, त्यामुळे सगळं श्रेय मोऱ्यांना देता येणार नाही, हेही सांगितलं. पाच वर्षं मोजल्याशिवाय यावर काही म्हणता येत नाही. तो म्हणाला, "मग मोज पाच वर्षं." विकण्याचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही.

पुरणपोळी ताईंना फार आवडली. जेवण झाल्यावर ताऊ मला बाजूला घेऊन गेले. त्यांच्या मुलांनी रस्त्यापलीकडचे दोन किले गोदामासाठी दिले. आगोराच्या वरच्या टोकाचे. केएमपी महामार्ग जवळ, म्हणून भाव चांगला आला. ताऊ सांगताना माझ्याकडे पाहत नव्हते, गुढीकडे पाहत होते. मला त्यांच्यावर रागावता येईना. दोन नातवंडांची शिक्षणं आहेत आणि गव्हाने ती होत नाहीत.

गोदामाला पाणी लागेल. बोअर घेणार, खोल घेणार. व्यवसायासाठी भूजल काढायचं तर 2020 च्या कायद्याने हरियाणाच्या जलसंपदा प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि एवढ्या मोठ्या छपरावर पडणाऱ्या पावसाचं पाणी नळाने जोहडाकडे वळवता येतं. इतकं स्वच्छ पाणी आगोरातूनसुद्धा येत नाही. हे गोदामवाल्यांशी आत्ताच, पाया खणायच्या आधी बोलायला हवं. ताऊ म्हणाले, मी येतो बरोबर.

दादा आत कागद मागतोय. अर्ज हिंदीत लिहायचा आहे, त्याचं अक्षर चांगलं आहे.